परदेशी तुरुंगातील पत्रकार आणि घरच्यांची विनवणी : कैरोच्या खटल्याने काय दाखवून दिले?

२९ डिसेंबर २०१३ च्या रात्री कैरो शहरातील मॅरियट हॉटेलवर इजिप्तच्या सुरक्षा यंत्रणेने छापा घातला. ‘अल जझीरा’ या वृत्तवाहिनीच्या इंग्रजी विभागाचे पत्रकार तेथील खोल्यांतून काम करीत होते. त्यांपैकी तिघांवर पुढे एकत्र खटला चालला. पीटर ग्रेस्टे हे ऑस्ट्रेलियाचे नागरिक. मोहम्मद फहमी यांच्याकडे इजिप्त आणि कॅनडा अशा दोन देशांचे नागरिकत्व. बाहेर मोहम्मद हे केवळ इजिप्तचे नागरिक. आरोप जवळपास एकच होता, न्यायालय एकच होते आणि पुरावेही तेच होते. तरीही तिघांची सुटका वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वाटेने झाली. तिन्ही घरांनी आपापल्या परीने विनवणी केली. मात्र त्या विनवणीचे वजन तिन्ही ठिकाणी सारखे नव्हते.

परदेशात कैद झालेल्या पत्रकाराच्या कुटुंबाने केलेल्या आवाहनाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. आई राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिते, भाऊ वार्ताहर परिषद घेतो, मुलगी वडिलांचे छायाचित्र हातात धरून उभी राहते. या आवाहनाचा प्रत्यक्षात उपयोग काय होतो? ते कोणाकडे करायचे असते? आंतरराष्ट्रीय कायदा अशा कुटुंबाला काय देतो आणि काय देत नाही? कैरोचा हा खटला या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी देतो. त्याच प्रश्नांचा एक धागा सांगलीत जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या खटल्यापर्यंतही येतो.

एक छापा आणि तीन घरे

ग्रेस्टे यांचे नेहमीचे ठिकाण केनियातील नैरोबी. नाताळच्या सुट्टीत सहकाऱ्याच्या जागी काही दिवस काम पाहण्यासाठी ते कैरोत आले होते. त्यापूर्वी, जुलै २०१३ मध्ये, इजिप्तच्या लष्कराने अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना पदावरून दूर केले होते. मोर्सी ज्या ‘मुस्लिम ब्रदरहूड’ संघटनेचे होते, तिला २५ डिसेंबर २०१३ रोजी सरकारने दहशतवादी संघटना ठरवले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी हा छापा पडला. या संघटनेला साहाय्य करणे आणि देशाची बदनामी करणाऱ्या खोट्या बातम्या देणे, हे मुख्य आरोप ठेवण्यात आले. अल जझीरा वाहिनीमागे कतार सरकारचा पैसा आहे, आणि मोर्सी यांना पाठिंबा दिल्यावरून इजिप्त व कतार यांचे संबंध त्या काळात पराकोटीचे बिघडले होते. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात तीन पत्रकार उभे असले, तरी वादाचे मूळ दोन सरकारांमध्ये होते.

न्यायालयात सादर झालेले चित्रण पाहून अनेक निरीक्षक चकित झाले. त्यात घोड्यांविषयीचे चित्रण होते, केनियातील एका वार्ताहर परिषदेचे दृश्य होते, ग्रेस्टे यांच्या आई-वडिलांची सहलीतील छायाचित्रेही होती. २३ जून २०१४ रोजी निकाल लागला. ग्रेस्टे आणि फहमी यांना सात वर्षांची, तर बाहेर मोहम्मद यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाहेर यांची तीन जादा वर्षे एका झाडलेल्या काडतुसासाठी होती. एका निदर्शनाच्या ठिकाणी ते त्यांनी उचलून जवळ ठेवले होते.

ग्रेस्टे यांचे आई-वडील, यूरिस आणि लोइस, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे राहणारे. पीटर यांचे भाऊ अँड्र्यू आणि माइक यांच्यासह या कुटुंबाने आळीपाळीने कैरोत मुक्काम केला, जेणेकरून तुरुंगातील भेटीसाठी घरचे कोणी ना कोणी तेथे असावे. फहमी यांच्यासाठी त्यांचा भाऊ व होणारी पत्नी धावपळ करीत होते. खांद्याला झालेल्या दुखापतीवर उपचार मिळावेत, ही त्यांची पहिली मागणी होती. बाहेर मोहम्मद यांची पत्नी गरोदर होती. पती तुरुंगात असतानाच तिने मुलाला जन्म दिला.

गप्प राहावे की बोलावे?

आपला माणूस परक्या देशात अटक झाल्याचे कळताच कुटुंबापुढे पहिला पेच उभा राहतो तो हा. परराष्ट्र खात्यातील अधिकारी बहुधा संयमाचा सल्ला देतात. सुरुवातीच्या काही दिवसांत प्रकरण खालच्या पातळीवर मिटण्याची शक्यता असते. एकदा त्याचा गाजावाजा झाला, की पकडणाऱ्या सरकारला माघार घेणे मानहानीचे वाटू लागते, असा त्यामागचा विचार असतो. हा सल्ला निराधार नाही. गैरसमजातून झालेली किंवा स्थानिक अधिकाऱ्याच्या अतिउत्साहातून झालेली अटक अशा शांत बोलण्यातून सुटू शकते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अटक जाणीवपूर्वक झालेली असेल, तर मौनाचा लाभ पकडणाऱ्यालाच मिळतो. ज्याचे नाव कोणी घेत नाही, त्याला कोठडीत ठेवण्याची किंमत शून्य असते. ग्रेस्टे यांनी स्वतः या पेचाविषयी जानेवारी २०१४ मध्ये तुरुंगातून लिहिले. आरंभी आपण आतल्या आत, शांतपणे लढण्याचे ठरवले होते; पण हा हल्ला आपल्या एकट्यावर नसून पत्रकारितेवर आहे हे लक्षात आल्यावर गप्प राहणे चुकीचे वाटले, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र बाहेर आले आणि कुटुंबाने जाहीर मोहीम हाती घेतली. जगभरातील वृत्तकक्षांत पत्रकारांनी तोंडाला काळी पट्टी लावून छायाचित्रे काढली आणि समाजमाध्यमांवर तिघांच्या सुटकेची मागणी फिरू लागली.

पत्रकाराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. सामान्य कैद्याचे कुटुंब तो निरपराध आहे एवढेच सांगते. पत्रकाराच्या कुटुंबाला त्याचे काम हा गुन्हा नाही, हेही पटवून द्यावे लागते. विरोधी पक्षाच्या नेत्याला भेटणे, बंडखोरांची मुलाखत घेणे, सरकारला नको असलेला आकडा छापणे हे त्याचे रोजचे काम असते. आणि नेमका त्याच कामाचा तपशील आरोपपत्रात पुरावा म्हणून येतो. म्हणून कुटुंबाला शब्द फार तोलून वापरावे लागतात. सरकारवर कडाडून टीका केली तर कैदी हा शत्रूचाच माणूस असल्याचे सांगायला निमित्त मिळते, आणि नुसती दयेची याचना केली तर गुन्हा मान्य केल्यासारखे होते. या दोहोंमधून वाट काढीत बोलणे, हे त्या घराचे रोजचे काम होऊन बसते.

कायदा काय देतो, काय देत नाही?

अशा वेळी ज्या कायद्याचा आधार घेतला जातो, तो म्हणजे वाणिज्यदूतांच्या कामकाजाविषयीचा १९६३ चा व्हिएन्ना करार. या कराराचे कलम ३६ महत्त्वाचे आहे. परदेशी नागरिकाला अटक झाल्यास, त्याने तशी इच्छा व्यक्त केल्यावर, त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवले पाहिजे. हा हक्क असल्याचे अटक झालेल्या व्यक्तीलाही विनाविलंब सांगितले पाहिजे. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्या व्यक्तीला भेटता आले पाहिजे, पत्रव्यवहार करता आला पाहिजे आणि वकिलाची व्यवस्था करून देता आली पाहिजे.

या कलमाच्या मर्यादा मात्र ध्यानात घ्यायला हव्यात. हे कलम वकिलातीला भेटीचा हक्क देते. कैद्याला सोडवण्याचा अधिकार देत नाही. वकिलातीचे अधिकारी परदेशी न्यायालयात वकील म्हणून उभे राहू शकत नाहीत, की तेथील न्यायाधीशाला आदेश देऊ शकत नाहीत. दुसरे असे की, कैद्याच्या कुटुंबाला या कलमाने थेट कोणताही हक्क दिलेला नाही. भेटीसाठी, पत्रासाठी, औषधासाठी कुटुंबाला त्या देशाच्या तुरुंग नियमांवर आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. म्हणूनच कुटुंबाची मागणी बहुधा ‘आवाहन’ किंवा ‘विनवणी’ या स्वरूपात येते. हक्काने मागता येईल असे त्यांच्या हाती फारसे काही नसते.

तिसरी मर्यादा दुहेरी नागरिकत्वाची आहे. नागरिकत्वविषयक १९३० च्या हेग करारात एक जुना नियम नमूद आहे : एखादी व्यक्ती दोन देशांची नागरिक असेल, तर त्यांपैकी एका देशाला दुसऱ्या देशाविरुद्ध तिला राजनैतिक संरक्षण देता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची भूमिका पुढील काळात काहीशी सैल झाली असली, तरी अनेक सरकारे आजही याच नियमाला चिकटून आहेत. आपल्या नागरिकाला आपण अटक केली आहे, त्यात तुमचा संबंध काय, असे ती विचारतात. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या वकिलातीला कैद्याला पाहणेही दुरापास्त होते.

इस्लामाबादमधील काचेची भिंत

कलम ३६ चा अर्थ मराठी वाचकांना कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातून परिचित आहे. जाधव हे पत्रकार नव्हेत. ते नौदलातील निवृत्त अधिकारी. पाकिस्तानने त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला आणि भारताने तो फेटाळला. तरीही कुटुंब आणि कायदा यांच्यातील अंतर किती असते, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते.

पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार मार्च २०१६ च्या आरंभी जाधव यांना ताब्यात घेण्यात आले. भारताला त्याची माहिती देण्यात आली ती २५ मार्च रोजी, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांनी. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावल्याचे जाहीर झाले, आणि तोवर भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची एकदाही भेट मिळालेली नव्हती. त्याच महिन्यात जाधव यांच्या आईचे अपील आणि अर्ज भारतीय उच्चायुक्तांनी पाकिस्तानच्या परराष्ट्र सचिवांकडे सोपवला. मुलाच्या प्राणासाठी आईने केलेला अर्ज, पण तो पोहोचवायला राजदूताची वाट धरावी लागली.

२५ डिसेंबर २०१७ रोजी आई आणि पत्नी यांची जाधव यांच्याशी इस्लामाबाद येथे भेट झाली. मध्ये काच होती आणि बोलणे यंत्रावरून होत होते. आईला मुलाशी मराठीत बोलण्यापासून वारंवार अडवण्यात आले आणि शेवटी रोखण्यात आले, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. आई आणि मुलाला आपल्या मातृभाषेत बोलू न देणाऱ्या त्या भेटीची आठवण महाराष्ट्रात अद्याप पुसलेली नाही.

१७ जुलै २०१९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने निर्णय दिला, की पाकिस्तानने कलम ३६ चा भंग केला आहे. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क नाकारता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र सुटकेचा आदेश द्यावा ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोपर्यंत मृत्युदंड अमलात आणू नये, असे सांगून न्यायालय थांबले. जगातील सर्वोच्च न्यायपीठापुढे खटला जिंकल्यावरही कैद्याच्या घराचे दार आपोआप उघडत नाही, हा या निकालाचा कठोर धडा आहे.

पासपोर्टचे वजन

आता पुन्हा कैरोकडे वळू. तिघांच्या शिक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी इजिप्तचे अध्यक्ष अब्देल फत्ताह अल-सिसी यांनी न्यायालयाच्या निकालात आपण ढवळाढवळ करणार नसल्याचे सांगितले. परंतु जुलै २०१४ मध्ये त्यांचा सूर बदलला. या पत्रकारांवर खटला चालवण्यापेक्षा त्यांना अटकेनंतर लगेच देशाबाहेर पाठवले असते तर बरे झाले असते, असे ते म्हणाले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एक वटहुकूम काढला. त्यानुसार खटला चालू असलेल्या किंवा शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकांना त्यांच्या मायदेशी पाठवण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला.

डिसेंबर २०१४ मध्ये सौदी अरेबियाच्या मध्यस्थीने इजिप्त आणि कतार यांच्यात समेटाच्या हालचाली सुरू झाल्या आणि अल जझीराने इजिप्तसाठी चालवलेली अरबी वाहिनी बंद केली. १ जानेवारी २०१५ रोजी इजिप्तच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. त्यानंतर महिन्याभराने, १ फेब्रुवारीला, ग्रेस्टे यांना विमानात बसवून सायप्रसला रवाना करण्यात आले. तुरुंगात त्यांचे ४०० दिवस गेले होते.

ग्रेस्टे यांचा पासपोर्ट परदेशी होता, म्हणून नवा वटहुकूम त्यांना लागू झाला. फहमी यांच्यासमोर निराळी अट आली. परदेशी म्हणून बाहेर पडायचे असेल तर इजिप्तचे नागरिकत्व सोडावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. इजिप्तचे नागरिकत्व हा त्यांच्या दृष्टीने केवळ कागद नव्हता. तरीही त्यांनी ते सोडले. त्यानंतर ग्रेस्टे गेले, पण फहमी तुरुंगातच राहिले. दोन आठवड्यांच्या आत फहमी आणि बाहेर यांना फेरखटल्यासाठी जामीन मिळाला. २९ ऑगस्ट २०१५ रोजी पुन्हा शिक्षा झाली : फहमी यांना तीन वर्षे, बाहेर यांना साडेतीन वर्षे, आणि देशाबाहेर असलेल्या ग्रेस्टे यांनाही अनुपस्थितीत तीन वर्षे.

बाहेर मोहम्मद यांच्याकडे सोडण्यासारखे दुसरे नागरिकत्वच नव्हते. त्यांच्या बाजूने कॅनबेरातून किंवा ओटावातून दूरध्वनी येणार नव्हता. त्यांच्या पत्नीचे आवाहन होते ते स्वतःच्याच सरकारला. ज्या सरकारकडे संरक्षण मागायचे, त्याच सरकारने त्यांच्या पतीला पकडले होते. एकाच खटल्यातील तीन माणसांपैकी सर्वांत मोठी शिक्षा आणि सर्वांत कमी आधार या एकाच घराच्या वाट्याला आला. परदेशी पत्रकार पकडला गेला की जगाचे लक्ष जाते. त्याच्यासोबत काम करणारा स्थानिक निर्माता, दुभाषी किंवा छायाचित्रकार मात्र बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात उरतो. ग्रेस्टे यांनी सुटकेनंतर पहिल्यापासून आपल्या दोन सहकाऱ्यांची नावे घेतली, ती याच कारणामुळे महत्त्वाची होती.

अखेरीस २३ सप्टेंबर २०१५ रोजी, ईद-उल-अधाच्या आदल्या दिवशी, अध्यक्षांनी सुमारे शंभर कैद्यांना माफी दिली आणि त्यांत फहमी व बाहेर यांची नावे होती. खटला न्यायालयात दोनदा चालला, दोनदा शिक्षा झाली. पण तिघांचीही सुटका झाली ती अध्यक्षांच्या सहीने.

एका आईचे उपोषण

तुरुंगातील पहिल्या दिवसांत ग्रेस्टे यांची शेजारच्या कोठडीतील एका कैद्याशी ओळख झाली. ब्लॉगलेखक आणि लोकशाहीवादी कार्यकर्ते अला अब्देल फत्ताह हे ते कैदी. आपला धीर टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, असे ग्रेस्टे पुढे सांगत राहिले. अला यांची पुढची हकीकत कुटुंबाच्या विनवणीची दुसरी बाजू दाखवते.

अला यांच्या आई लैला सुऐफ या गणिताच्या प्राध्यापिका. त्यांचा जन्म लंडनचा, म्हणून अला यांना २०२१ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘खोटी बातमी पसरवल्या’बद्दल त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. इजिप्तने त्यांचे ब्रिटिश नागरिकत्व मानले नाही आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना भेटीची परवानगी दिली नाही. अला २०१९ च्या सप्टेंबरपासून कैदेत होते. त्या हिशेबाने सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षा संपायला हवी होती. परंतु खटल्यापूर्वीचा काळ धरण्यास सरकारने नकार दिला. तेव्हा लैला सुऐफ यांनी अन्नत्याग केला. त्यांचे वय सत्तरीकडे झुकलेले होते. दोनदा त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नऊ महिन्यांहून अधिक काळ हे उपोषण या ना त्या स्वरूपात चालले. जानेवारी २०२५ मध्ये ग्रेस्टे ऑस्ट्रेलियातून लंडनला आले आणि जुन्या सोबत्याच्या आईसोबत एकवीस दिवस उपोषणाला बसले.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी सिसी यांच्याशी थेट बोलणे केले. मनमानी अटकांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही कैद बेकायदा असल्याचे मत दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अला यांना अध्यक्षीय माफी मिळाली आणि ते घरी आले. आईच्या उपोषणामुळे ते सुटले, असे एका वाक्यात म्हणता येणार नाही. मात्र त्या उपोषणामुळे हा विषय दोन सरकारांच्या टेबलावरून उचलून बाजूला ठेवता आला नाही, एवढे निश्चित म्हणता येते. कुटुंबाच्या आवाहनाची खरी ताकद बहुधा इतकीच असते आणि ती थोडी नसते.

भारतीय कुटुंबांनी काय जाणून घ्यावे?

‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’ या संस्थेच्या गणनेनुसार १ डिसेंबर २०२४ रोजी जगभरात ३६१ पत्रकार तुरुंगात होते. त्यांतील बहुसंख्य आपल्याच देशात कैद असतात. तरीही परदेशात वार्तांकन करणाऱ्या, तेथील माध्यमांत नोकरी करणाऱ्या किंवा स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या भारतीयांची संख्या वाढत आहे. म्हणून काही गोष्टी आधीच ठाऊक असणे हिताचे.

पहिली गोष्ट नागरिकत्वाची. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. ‘ओसीआय’ कार्ड हे नागरिकत्व नव्हे. ज्याने अन्य देशाचा पासपोर्ट स्वीकारला, त्याला तिसऱ्या देशात अटक झाल्यास कलम ३६ खालील भेटीचा हक्क त्या नव्या देशाच्या वकिलातीला असतो, भारतीय वकिलातीला नसतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांच्या घरांत हे समजून घेणे विशेष गरजेचे आहे. अशा वेळी पहिला अर्ज दिल्लीला नव्हे, तर लिस्बनकडे जायला हवा.

दुसरी गोष्ट मागणीची. वकिलातीला कळवण्याची जबाबदारी पकडणाऱ्या देशावर असली, तरी ती कैद्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. परदेशी जाणाऱ्या पत्रकाराने ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे वाक्य पहिल्या क्षणापासून उच्चारावे आणि घरच्यांकडे पासपोर्टची प्रत, मुक्कामाचे पत्ते व संपादकाचा संपर्क ठेवावा. घरच्यांनी त्या देशातील भारतीय दूतावासाला तत्काळ लेखी कळवावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

तिसरी गोष्ट शिक्षेनंतरच्या वाटेची. कैद्यांच्या हस्तांतरणाविषयी भारताने २००३ मध्ये कायदा केला आहे. ज्या देशांशी तसा करार झाला आहे, तेथे शिक्षा अंतिम झालेल्या भारतीय कैद्याला उरलेली शिक्षा भारतातील तुरुंगात भोगण्याची मागणी करता येते. त्यासाठी दोन्ही सरकारांची आणि कैद्याची संमती लागते. ही सुटका नव्हे. पण त्यामुळे आई-वडिलांना महिन्यातून एकदा मुलाला पाहता येते, आपल्या भाषेत बोलता येते.

चौथी वाट संयुक्त राष्ट्रांच्या त्याच कार्यगटाची. तेथे कैद्याचे कुटुंब किंवा त्याचे प्रतिनिधी थेट तक्रार करू शकतात. त्याचे मत सरकारांवर बंधनकारक नसते. तथापि कुटुंबाच्या अर्जाला त्यामुळे एका तटस्थ संस्थेचा आधार मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत त्याचा हवाला देता येतो.

आवाजाचे मोल

कैरोच्या खटल्याकडे मागे वळून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. न्यायालयाने तिघांपैकी कोणालाही निर्दोष म्हटले नाही. जे दार उघडले ते राजसत्तेने उघडले, आणि त्यामागे दोन राष्ट्रांचा समेट, परदेशी सरकारांचे दूरध्वनी आणि अध्यक्षांची सोय अशा अनेक गोष्टी होत्या. ब्रिस्बेनच्या वृद्ध दाम्पत्याच्या हाती यांतील एकही गोष्ट नव्हती. आपल्या मुलाचे नाव लोकांच्या आणि मंत्र्यांच्या कानावर पडत राहील, एवढेच त्यांच्या हाती होते. ते त्यांनी चारशे दिवस केले. राजकारणाचे वारे फिरण्याचा क्षण आला, तेव्हा ते नाव कोणी विसरले नव्हते.

बाहेर मोहम्मद यांच्या घराने तोच काळ आणि आणखी कित्येक महिने काढले. त्यांच्यासाठी बोलायला परदेशी सरकार नव्हते. बोलले ते सहकारी, वाचक आणि श्रोते. परदेशी तुरुंगातील पत्रकाराच्या सुटकेचे आवाहन वाचताना त्याच खटल्यातील स्थानिक माणसाचे नावही वाचावे आणि उच्चारावे, कारण त्याच्या घरच्यांना दाद मागायला दुसरे दार नसते.